मराठीत बारीक होता येते काय?

आम्ही दोघे मराठीचे अध्यापक आहोत. एक बारामतीत शिकवतो, दुसरा इंदापुरात. आमच्यापैकी एकाला चाळिशी ओलांडल्यावर मधुमेह निघाला. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने आहार बदलला आणि आठ महिन्यांत त्याचे वजन १४ किलोंनी कमी झाले. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा सव्वाआठवरून सहावर आला. पट्ट्याला चांभाराकडून दोन नवी भोके पाडून घ्यावी लागली, मनगटावरचे घड्याळ कोपराकडे सरकू लागले, लग्नातली अंगठी दोरा गुंडाळून घालावी लागली. आरशात गळ्याखालची दोन हाडे दिसू लागली. ती त्याने पदवीच्या वर्षानंतर पाहिलीच नव्हती. वैद्यकाच्या हिशेबाने हे सारे शुभवर्तमान होते.

मराठीच्या हिशेबाने मात्र ते तसे ठरले नाही. स्टाफरूममधला पहिला प्रश्न होता, "काय सर, बरं नाही का?" एसटी स्थानकावर एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांनी हात हातात घेतला आणि आवाज खाली आणून विचारले, "तपासण्या केल्या का सगळ्या?" लग्नाच्या पंगतीत एक लांबची मावशी म्हणाली, "कसला चिपाड झालायस रे!" गावी गेल्यावर आई काहीच बोलली नाही, तिने मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या. आठ महिन्यांत "बरे झाले" एवढे दोन शब्द कोणाच्या तोंडून आले नाहीत. ज्या एकदोघांनी कौतुक केले त्यांनी ते इंग्रजीत केले: "ग्रेट ट्रान्सफॉर्मेशन, सर!"

ह्या अनुभवावर आम्ही दोघांनी बराच काळ वाद घातला. त्यातून जे निष्पन्न झाले ते येथे मांडत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, मराठीत माणसाला स्वतःच्या इच्छेने, सुखाने आणि आरोग्यासाठी बारीक होता येत नाही, कारण त्यासाठी मराठीत क्रियापद नाही. आणि हा दोष भाषेचा कमी, भाषेची राखण करण्याचा पगार घेणाऱ्या आमच्यासारख्यांचा अधिक आहे.

आधी शब्दांकडे पाहू. अंगावर मांस येण्यासाठी मराठीत शुभ शब्दांची रास आहे. अंग धरणे, अंगी लागणे, मानवणे, भरणे, बाळसे धरणे. बाळसे तर केवळ लेकरूच धरीत नाही. नियतकालिक, पतसंस्था आणि वाङ्मयीन चळवळ ह्यासुद्धा मराठीत बाळसेच धरतात. आनंद झाला की अंगावर मूठभर मांस चढते. पगार चांगला असला की तो लठ्ठ असतो. सुखवस्तू घर हे खात्यापित्याचे घर असते. आता उलट बाजू पाहावी. वाळणे, सुकणे, खंगणे, झडणे, झिजणे, रोडावणे. गाल बसतात, डोळे खोल जातात, तोंड उतरते, हाडांची काडे होतात, माणूस पाप्याचे पितर दिसू लागतो. ही सारी क्रियापदे अकर्मक आहेत. त्यांतला कर्ता नावापुरता. जे घडते ते त्याच्यावर घडते. ते घडवणारा कोण, हे मराठी माणसाला न सांगता कळते: क्षय, कर्ज, काळजी, विरह किंवा दुष्काळ. ह्यांखेरीज सहावे कारण असू शकते, ह्याची ह्या शब्दांना कल्पनाच नाही.

येथे दोन आक्षेप येतील. पहिला असा की, मराठीत सडपातळ, शेलाटा, शिडशिडीत, काटक असे चांगले शब्द आहेतच. आहेत, पण ती विशेषणे आहेत. ती जन्मजात बांध्याचे वर्णन करतात. एखादा शिडशिडीत असतो, पण तो शिडशिडीत 'झाला' असे कोणी म्हणत नाही. जाड होता आणि पुढे तसा राहिला नाही, ह्या मधल्या प्रवासाला ती विशेषणे उपयोगी पडत नाहीत. दुसरा आक्षेप असा की, 'वजन कमी करणे' हा प्रयोग काय वाईट आहे? तो काट्याविषयी बोलतो, अंगाविषयी नाही. आणि मराठीत वजन केवळ किलोंचे नसते. शब्दाला वजन असते, घराण्याला वजन असते, काम अडले की कागदावर वजन ठेवावे लागते. ज्या तालुक्यांत साखर कारखान्याच्या संचालक मंडळाची निवडणूक हा सर्वांत मोठा लोकोत्सव आहे, तेथे 'त्याचे वजन कमी झाले' ह्या वाक्याचा पहिला अर्थ कोणता लागतो हे सांगायला नको.

मावशीने वापरलेला शब्दही जरा थांबून पाहण्याजोगा आहे. चिपाड म्हणजे रस काढून घेतल्यावर उरलेला ऊस. ह्या उपमेत माणूस आपण होऊन बारीक होत नाही. कोणीतरी त्याला चरकात घातलेले असते.

ही शब्दसंपत्ती आकाशातून पडलेली नाही. ती ह्या भूमीने घडवली. आज बारामती म्हटले की हिरवा ऊस डोळ्यांपुढे येतो. पण तालुक्याचा सुपे-मोरगावचा भाग आजही जिरायत म्हणूनच ओळखला जातो, आणि कालव्यापूर्वी जवळपास सारा मुलूख तसाच होता. १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळाने दख्खन उद्ध्वस्त केले, त्यानंतरच्या काळात नीरा डाव्या कालव्याचे काम झाले आणि १८८५ च्या सुमारास बारामती-इंदापूरच्या शेतात पाणी आले. पुढे वालचंदनगर उभे राहिले, स्वातंत्र्यानंतर माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे सहकारी कारखाने आले, १९८० च्या सुमारास उजनीचे धरण पूर्ण झाले. म्हणजे ज्याला आपण बागायत पट्टा म्हणतो त्याचे वय फार तर दीड शतकाचे. त्यामागे उभी असलेली उपासमारीची आठवण त्याहून कितीतरी जुनी.

मीठमोहऱ्या ओवाळणारी ती आई १९७२ च्या दुष्काळात सतरा वर्षांची होती. ती खडी फोडायला जात असे. परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि कामावर वाटली जाणारी सुकडी खाऊन तिने ते वर्ष काढले. माणसाचा गाल पहिल्यांदा कोठे बसतो, मनगटाचे हाड किती दिवसांनी वर येते, लहान मुलाचे केस कधी तांबूस होतात, हे तिला कोणत्याही आहारतज्ज्ञाइतके कळते. त्या वर्षी ज्याचा चेहरा असा दिसू लागला, त्याचे पुढे काय झाले हे तिने पाहिले आहे. तेव्हा मुलाचे गाल बसलेले पाहून ती घाबरली तर ती अडाणी ठरत नाही. तिने चेहरा वाचला, आणि तिला जी लिपी येत होती त्या लिपीत वाचला. आमचे भांडण तिच्याशी नाही.

भांडण ह्याच्याशी आहे की, जमीन बदलली, पाणी बदलले, ताटातले अन्न बदलले, अंगे बदलली, आणि डोळा तेवढा १९७२ सालातच राहिला. आता ह्याच तालुक्यांत 'शुगर' ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत: एक कारखान्यात तयार होते, दुसरी रक्तात निघते. दिवाळीत सभासदाला सवलतीची साखर मिळते, आणि ती घरी नेणाऱ्यांतल्या कितीजणांच्या खिशात मधुमेहाच्या गोळ्या असतात हे त्यांच्या घरच्यांना ठाऊक असते.

शिवाय डोळा हा ह्या बाबतीत फार कच्चा साक्षीदार आहे, हे सिद्ध करणारे संशोधन आपल्याच जिल्ह्यात झाले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांतल्या गर्भवती मातांचा अभ्यास केला. तेथे जन्मणाऱ्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण ह्या किरकोळ बाळांच्या अंगात स्नायू कमी असले तरी चरबी त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन ह्यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध झाले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३. शरीरातील चरबी मात्र युडकिन ह्यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक ह्यांची २१.२ टक्के. सारांश असा की, आपल्याकडे 'काटक' दिसणारा माणूस आतून स्थूल असू शकतो. म्हणूनच भारतीयांसाठी जास्त वजनाची मर्यादा २५ ऐवजी २३ निर्देशांकावर आणि कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरवर धरली जाते. पंगतीत समोरच्याचे गाल पाहून त्याच्या प्रकृतीचा निकाल देणाऱ्या आपल्या परंपरेला हा सरळ छेद आहे.

आता आमच्या स्वतःच्या घराकडे, म्हणजे साहित्याकडे वळू. वर्षानुवर्षे वर्गात आम्ही काय शिकवतो? कृश देह हे शोषणाचे चिन्ह आणि पुष्ट देह हे शोषकाचे. ग्रामीण कथेतला सावकार ढेरपोट्या असतो, चेअरमनचे पोट सुटलेले असते, आणि नायकाच्या बरगड्या मोजता येतात. ह्यामागे खरी वेदना आहे, हे आम्ही नाकारत नाही. 'बनगरवाडी'च्या (१९५५) शेवटी दुष्काळ गाव रिकामे करतो. 'बलुतं' (१९७८), 'उपरा' (१९८०), 'अक्करमाशी' (१९८४) ह्या आत्मकथनांनी भूक म्हणजे काय हे मराठी मध्यमवर्गाला प्रथमच ऐकवले. त्या लेखकांनी देहाचे चिन्ह जगून मिळवले होते. आम्ही मात्र ते चिन्ह परीक्षेच्या उत्तराइतके सोपे केले. विद्यार्थ्याला हाड दिसले की तो 'दारिद्र्याचे प्रभावी चित्रण' असे लिहितो आणि आम्ही त्याला गुण देतो. देहाचा दुसरा काही अर्थ असू शकतो, असा प्रश्न आमच्या प्रश्नपत्रिकेत आजवर आलेला नाही.

विनोदी वाङ्मयाने वेगळे काही केले असेल, ही अपेक्षाही पुरी होत नाही. चिमणराव काटकुळा आणि गुंड्याभाऊ धिप्पाड. शरीर हे पात्राचे कायमचे ओळखपत्र असते, ते बदलले तर विनोदच मोडेल. पु. ल. देशपांडे ह्यांच्या 'बटाट्याची चाळ' (१९५८) मध्ये 'उपास' हे प्रकरण आहे. वजन उतरवायला निघालेला निवेदक आणि सल्ला देणारी अख्खी चाळ, हा मराठी समाजाचा अत्यंत अचूक आलेख आहे, आणि आम्हीही तो वाचून अनेकदा हसलो आहोत. पण ह्या हसण्याची एक अट आहे: उपास फसला पाहिजे. एखाद्याचा उपास फसला नाही, तर त्याच्याविषयी काय लिहायचे हे मराठीला गेल्या साठ-पासष्ट वर्षांत ठरवता आलेले नाही. खाण्यावर संयम ठेवणारा माणूस आपल्याला एक तर संत म्हणून चालतो, नाही तर विदूषक म्हणून. वारीत वीस दिवस चालून काळवंडलेला, हडकलेला माणूस घरी आला की आपण त्याच्या पाया पडतो. काटेवाडीचे मेंढ्यांचे रिंगण, बेलवाडीचे गोल रिंगण, इंदापूर, सराटी असा पायी गेलेला देह आपल्याला पवित्र वाटतो. त्याच देहाने हेच अंतर रोज संध्याकाळी क्रीडासंकुलाच्या मैदानावर तुकड्यातुकड्याने कापले, तर आपण विचारतो, "काही झालंय का?" देवासाठी झिजता येते, स्वतःच्या स्वादुपिंडासाठी नाही.

साहित्याने सोडलेली ही जागा रिकामी राहिली नाही. ती जाहिरातीने घेतली. आज बारामतीच्या भिगवण रस्त्याने जावे किंवा भ्रमणध्वनी उघडावा, दोन छायाचित्रे शेजारीशेजारी दिसतात: 'आधी' आणि 'नंतर'. कथाशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला कळावे की ह्या कथेला आदी आहे, अंत आहे, मध्य नाही. मधल्या आठ महिन्यांत काय झाले? तिसऱ्या महिन्यात कंगव्यात केस येऊ लागले. चेहरा आधी आटला आणि पोट सर्वांत शेवटी. त्यामुळे मधले कित्येक आठवडे माणूस वरून आजारी आणि खालून जुनाच दिसत होता. दंडाची कातडी सैल पडली. रोज आरसा पाहणाऱ्याला काहीच दिसत नव्हते आणि दोन महिन्यांनी भेटणाऱ्याला धक्का बसत होता. शिंप्याने सदऱ्याला टीप घालताना न विचारता कापड आत राखून ठेवले. पुन्हा सैल करावा लागेल, हे त्याने अनुभवाने गृहीत धरले होते. ह्यातले काहीही त्या दोन छायाचित्रांत मावत नाही. त्यातून वाईट हे की, ती 'आधी'च्या माणसाला मृत घोषित करतात. चाळीस वर्षे ज्याने नोकरी केली, संसार केला, कविता वाचल्या, तो माणूस केवळ लाज वाटावी म्हणून भिंतीवर टांगायचा!

आहाराविषयीची आपली जाहीर चर्चाही ह्या बाबतीत मुकी आहे. दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकार (मृत्यू २००४) ह्यांच्या व्याख्यानांपासून प्रेरणा घेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षित ह्यांनी दिवसातून दोनदाच, तेही ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत घरोघरी नेली. २०१८-१९ च्या सुमारास शासनाच्या स्थूलताविरोधी मोहिमेचे ते सदिच्छादूत झाले. ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी थोडे आणि घरचे खाण्याचा आग्रह धरीत होत्या. महाराष्ट्रात लगेच दीक्षितपंथी आणि दिवेकरपंथी असे दोन तट पडले. शैव-वैष्णवांनंतर इतक्या हिरिरीने भांडण्याचा विषय आपल्याला बऱ्याच दिवसांनी मिळाला होता. कोणता पंथ खरा, हे सांगण्याचा अधिकार आमचा नाही. मात्र दीक्षितांच्या मोहिमेने रक्तातल्या इन्शुलिनची आणि सरासरी साखरेची तपासणी आधी करायला सांगितली, म्हणजे निकाल डोळ्याकडून काढून घेऊन प्रयोगशाळेकडे दिला, एवढे श्रेय तिला द्यावे लागेल. परंतु किती वेळा खावे ह्यावर भांडणाऱ्या ह्या दोन्ही तटांपैकी कोणीही, खाणे बदललेल्या माणसाला घरात, गावात, पंगतीत काय म्हणावे, ह्याचा विचार केला नाही. ते त्यांचे काम नव्हते. ते आमचे होते.

हा सारा शब्दांचा कीस आहे असे ज्यांना वाटेल, त्यांनी पुढची हकिगत वाचावी. इंदापूर तालुक्यातले आमच्या ओळखीचे एक बागायतदार. मधुमेह निघाल्यावर त्यांनी निग्रहाने पथ्य केले. चार महिन्यांत नऊ किलो उतरले, साखर आवाक्यात आली. त्याच सुमारास थोरल्या मुलीचे स्थळ चालू होते. गावात कुजबुज सुरू झाली: "मुलीचा बाप फार वाळलाय, काहीतरी मोठं आहे." ती वरपक्षापर्यंत पोचली. त्यांनी मध्यस्थाकरवी चौकशी केली. घरात रडारड झाली. बायकोने हात जोडून सांगितले, लग्न होईपर्यंत तरी नीट जेवा. लग्न झाले. वर्षभरात वजन होते तेथे आले, आणि सारे गाव म्हणू लागले, "आता तब्येत सुधारली." आज ते इन्शुलिनची सुई घेतात आणि एका डोळ्याने त्यांना अंधुक दिसते. आजार वाढत असताना 'तब्येत सुधारली' आणि आजार हटत असताना 'वाळला' असे म्हणणारी भाषा केवळ अपुरी नाही. ती चुकीचे निदान करते, आणि तिचे निदान डॉक्टरांच्या निदानाहून अधिक मानले जाते.

आता सर्वांत गंभीर आक्षेप. आमचे काही मित्र म्हणतात की हा पोट भरलेल्यांचा चोचला आहे. उसाच्या फडात राबणाऱ्यांच्या तालुक्यात प्राध्यापकाच्या कमरेवर लेख लिहिणे शोभत नाही. आम्ही हा आक्षेप शिरावर घेतो, आणि तरीही म्हणतो की शब्दांची गरज सर्वाधिक त्या फडातच आहे. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीचे कोयते येतात आणि हंगाम संपता संपता त्यांतल्या बायाबापड्यांची अंगे उतरलेली दिसतात. मागे आमच्या एका शिबिरातल्या विद्यार्थिनीने अशाच एका तोडणीवाल्या बाईला निरागसपणे म्हटले, "ताई, तुम्ही किती छान मेंटेन केलंय!" त्या बाईने पदर तोंडाला लावला. ती हसली की काय, आम्हाला कळले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. वजनाने फार कमी असलेल्या आणि गरजेपेक्षा जास्त असलेल्या स्त्रियांचे प्रमाण जवळजवळ सारखे, दोन्हीकडे पाचांत एकीच्या आसपास निघाले. म्हणजे उपाशी आणि अतिपुष्ट एकाच आळीत राहतात. अशा समाजात उपासमारीने उतरलेल्या अंगाला आणि पथ्याने उतरलेल्या अंगाला वेगळे शब्द नसतील, तर दोघांचेही नुकसान होते. पथ्य करणाऱ्याला आपण आजारी ठरवतो, आणि उपाशी बाईचे आपण कौतुक करतो. जुना डोळा पहिली चूक करतो, जाहिरातीने घडवलेला नवा डोळा दुसरी.

मग करायचे काय? नवा पारिभाषिक शब्द पाडा, असे आम्ही म्हणणार नाही. शासनाच्या कोशांत असे कितीतरी शब्द जन्मतःच वारलेले आहेत. पण जुन्या घरात शोधले तर काही सापडते. चरकसंहितेत निंद्य देहांचा विचार करणारा 'अष्टौनिंदितीय' हा अध्याय आहे. अतिस्थूल आणि अतिकृश ह्या दोघांत कृश बरा, असा तेथला निर्णय आहे. आपल्या मावशीने तो वाचलेला नाही. आयुर्वेदात मेद खरवडून काढण्याच्या उपचाराला 'लेखन' म्हणतात. धातू तोच, ओरखडण्याचा. लेखनाचा अभ्यास करणाऱ्यांना त्याचा हा अर्थ माहीत नसावा, ह्याची आम्हाला थोडी शरम वाटली. तालमीने आपल्याला 'कमावलेले अंग' दिले आहे. तेथे अंग हे दैवाने मिळत नाही, मिळवावे लागते. आणि 'ओसरणे' हे क्रियापद आहे: पूर ओसरतो, सूज ओसरते, आणि कोणाला वाईट वाटत नाही. उन्हाळ्यात उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवचे बुडालेले जुने मंदिर वर येते. ते पाहायला लोक आवर्जून जातात, आणि परतताना पाणी संपत आल्याची काळजी करतात. गळ्याखालची हाडे पाहणाऱ्या आईचेही असेच झाले असणार. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि दोन्ही सांगता येतील अशी वाक्ये रचणे हे लेखकाचे काम आहे.

आईविषयी एक सांगायचे राहिले. अहवालाचे कागद तिने कधी पाहिले नाहीत. पण आठव्या महिन्यात मुलगा ओसरीच्या पायऱ्या न थांबता चढला, तेव्हा तिने विचारले, "अंग हलकं वाटतंय का रे?" एवढ्या काळात कोणीतरी त्याच्या चेहऱ्याविषयी न बोलता त्याला काय वाटते हे प्रथमच विचारले होते. हा शब्दही निर्दोष नाही. 'हलका माणूस', 'हलकी जात' ह्या वापरांनी तो पुरता मळलेला आहे. पण तो बोलीतला आहे, आणि तो बाहेरून दिसणाऱ्या अंगाविषयी नसून आतून जाणवणाऱ्या अंगाविषयी आहे. सुरुवात तेथून करता येईल.

बारामतीतच राहून मोरोपंतांनी (१७२९-१७९४) रामकथा नाना तऱ्हांनी लिहिली. त्यांतल्या निरोष्ठ रामायणात ओठांनी उच्चारायचा एकही वर्ण त्यांनी येऊ दिला नाही. टीकाकारांनी त्याला शब्दांची कसरत म्हटले, पण ते काव्य खंगले असे कोणी म्हटले नाही. पंतांनी ते स्वतःहून वर्ज्य केले आहे, हे सर्वांना ठाऊक होते. ह्या सत्रात आम्ही दोन्ही महाविद्यालयांत विद्यार्थ्यांना एक लेखन दिले आहे. आपल्या किंवा घरातल्या कोणाच्या अंगात गेल्या वर्षात जो बदल झाला असेल त्यावर दोन पाने लिहायची. वाळणे, सुकणे, खंगणे, झडणे, रोडावणे हे शब्द वर्ज्य. मेंटेन, फिगर आणि ट्रान्सफॉर्मेशन हेही वर्ज्य. पहिल्या आठवड्यात बहुतेकांनी कोरा कागद परत दिला. आम्ही मुदत वाढवली आहे.